साखर न खाणारा पाहुणा

अम्मान,
सोमवार, सकाळचे सव्वादहा

तीर्थस्वरूप अण्णांच्या पायांशी,

मधे समुद्र आणि वाळवंट आडवं येतं म्हणून डोकं कागदावरच टेकवतो. कुठे शाई फिसकटलेली दिसली तर तो नमस्कार समजावा. तुमची प्रकृती कशी आहे हे मी विचारत नाही. विचारलं की तुम्ही ‘उत्तम’ एवढंच लिहिता, आणि त्याच पाकिटातून वहिनींची घडी घातलेली चिठ्ठी निघते, तिच्यात त्या ‘उत्तम’वरचं भाष्य असतं. (पाकीट चिकटवायचं काम त्या आपण होऊन का मागून घेतात, याचं अनुमान तुम्हाला करता येऊ नये? पाठशाळेत धुरावरून अग्नी ओळखायला आम्हाला तुम्हीच शिकवलंत.) तरी निश्चिंत असावं. रात्रीतून पाच वेळा उठणं, किंवा रक्ततपासणीसाठी डॉक्टरांनी दिलेली आणि गेले पाच महिने पंचांगात खुणेचा कागद म्हणून नांदणारी ती चिठ्ठी, यांबद्दल मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. फोनवर एकदा काढलं होतं, तेव्हा तुम्हाला एकाएकी ऐकू येईनासं झालं. कागदाला ती सोय नाही. असो. हे पत्र आमच्या घरमालकांबद्दल आहे.

मी बसलो आहे ते एका तपासणी केंद्राच्या तळघरात. पायऱ्या उतरताना अंगाला जो गार वारा लागला, त्यानं मला थेट आपल्या मळ्यातली विहीर आठवली. तुम्ही आधी उडी मारायचात आणि खालून ओरडायचात, “ये रे श्रीपू, पाणी गरम आहे!” (ते एकदाही गरम नव्हतं.) डावा कोपर दुमडून ठेवायला सांगितलं आहे, म्हणून कागद गुडघ्यावर दाबून लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं तर राग नसावा. कोपराचं कारण सावकाश सांगेन. शेजारी उम्म झुहैर, म्हणजे घरमालकीणबाई, एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हातात कॉफीचा थर्मास धरून बसल्या आहेत. समोरच्या जाड दारामागे अबू झुहैर आहेत. आज दुपारपर्यंत एकच गोष्ट कळायची आहे: त्यांच्या कमरेच्या हाडातला एक ठिपका साखर खातो की नाही. खात नसेल तर हा माणूस अजून काही वर्षं दुकानात उभा राहील. खात असेल तर... ते वाक्य डॉक्टरीणबाईंनीही पुरं केलं नाही, आणि पुरं करा म्हणून आम्हीही धरून बसलो नाही.

अबू झुहैर यांच्या माडीवर मी आणि हेमा तेवीस वर्षं राहतो हे तुम्हाला ठाऊक आहे. वय एकाहत्तर, घराणं मूळचं नाब्लुसचं, आणि खालच्या बाजारात कुनाफ्याचं दुकान. (मी एकदा डब्यातून आणला होता. खाली चीज, वर रवाळ लाल थर, त्यावर पाक. तुम्ही चाखून, “खरवसावर शिरा सांडलाय का रे?” असं विचारलं होतंत. हे मी इथे कोणालाही सांगितलेलं नाही. मला अजून इथे राहायचं आहे.) तर हा गृहस्थ पाच वर्षांपूर्वी रात्रीचा वारंवार उठू लागला. पहिल्या वर्षी त्यांनी दोष थंडीला दिला, दुसऱ्या वर्षी कलिंगडाला. बाजारातल्या एकूण एक मशिदींची प्रसाधनगृहं त्यांना पाठ झाली, पण तोंडातून शब्द नाही. शेवटी मुलानं कुवेतहून येऊन हाताला धरून नेलं, तेव्हा रक्तातला प्रोस्टेटचा आकडा चौसष्ट निघाला. चार म्हणजे भुवया उंचावतात. चौसष्टला डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात.

डॉक्टर लुब्ना या जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी. लहानपणी काउंटरखालून हात घालून पिस्ते चोरणारी ही पोर आपल्याला विजार सैल करायला सांगणार, या विचारानं अबू झुहैर घामाघूम झाले होते. पण बाई हुशार. शरीरशास्त्र त्यांनी दुकानाच्या भाषेत सांगितलं. म्हणाल्या, “काका, ही ग्रंथी म्हणजे सचोटीचा कारागीर. जस्त साठवते, त्याच्या जोरावर लिंबात असतो तसला आंबट माल बनवते, आणि सगळा बाहेर पाठवते. स्वतः जाळून खात नाही. पण तिच्यात कॅन्सर शिरला की जस्त हरवतं, आणि...”

“आणि कारागीर दुकानातलाच माल खायला लागतो!” अबू झुहैर म्हणाले.

“अगदी तेच.”

“मग असल्याला मी त्याच दिवशी हाकलतो.”

“हाकलला असता काका. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर दुकानातच पकडून हाकलला असता. आता तो उंबरा ओलांडून गल्लीत गेलाय.”

यावर त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग विचारलं, साखर बंद करू का, सगळं साखरेनं झालं का? बाई म्हणाल्या, साखर तुमच्या वजनासाठी कमी करा, पण या रोगाला सुरुवातीला साखरेचं फारसं वेड नसतं. त्याचं चरबीवर भागतं. म्हणून साखर टोचून फोटो काढतात त्या तपासणीत तो पुष्कळदा दिसतच नाही. हे ऐकून अबू झुहैर यांचा खरा अपमान झाला. “पन्नास वर्षं अख्खं अम्मान साखरेसाठी माझ्या दारात उभं राहतंय, आणि माझ्याच अंगात घुसलेला हा हरामखोर तिला शिवत नाही?” परतीच्या वाटेवर एवढं एकच वाक्य ते तीनदा बोलले.

मग सुया सुरू झाल्या. दर तीन महिन्यांनी पोटात एक. तिनं पुरुषपणाचा रस आटतो, आणि त्याच रसावर पोसणाऱ्या रोगाची रसद तुटते. आकडा खाली आला, जवळजवळ शून्यावर. पण रसद तुटली की नुसता शत्रूच उपाशी राहतो असं नाही, गावाचीही रीत बदलते. जानेवारीत, शेजारीपाजारी शेगडीला चिकटून बसलेले असताना, आमचे घरमालक बनियनवर जिन्यात येऊन बसू लागले, चेहरा तव्यासारखा लाल. उम्म झुहैर यांनी माळ्यावरून आपला जुना पंखा काढून त्यांच्या मांडीवर टाकला. “माझी पाळी जात होती तेव्हा हसत होतास ना? घे. वीस वर्षं जपून ठेवलाय.”

आणि वजन वाढलं. चौदा किलो. स्नायू गळाले आणि पोट पुढे आलं. हा औषधाचाच परिणाम, बाईंनी तो आधीच सांगून ठेवला होता. पण इथे कोणाचं पोट पुढे आलेलं दिसलं की लोक आधी देवाचे आभार मानतात आणि मग कारण विचारतात. जो येई तो म्हणे, “माशाल्ला, काय तब्येत सुधारली!” उम्म झुहैर यांचं अनुमान तर तुम्ही फळ्यावर लिहावं असं होतं: हा निरोगी आहे, कारण पुष्ट आहे, जो जो पुष्ट तो तो निरोगी, जसा बैल. (हेत्वाभास कोणता, ते तुम्ही सांगा. मला प्रकार आठवतो, नाव विसरलो.) त्यांनी बोललेला नवस फेडला, मेंढा कापला, गल्लीला मनसफ, म्हणजे दह्यात शिजवलेलं मटण आणि भात, वाढला, आणि वर नवऱ्याच्या दुकानचा कुनाफा. कौतुकाच्या प्रत्येक वाक्यामागे एक ताटली, असं सहा महिने चाललं. परिणामी अबू झुहैर यांना मधुमेह झाला. लुब्नाबाईंनी कपाळाला हात लावला. “काकू, मी रोगाला उपाशी मारतेय आणि तुम्ही रोग्याला बकऱ्यासारखं खाऊ घालताय!” उम्म झुहैर म्हणाल्या, “बेटी, तू तुझं काम कर. माझ्या घरातून कोणी हडकून गेला असं लोकांनी म्हणायला नको.”

चार महिन्यांपूर्वी आकडा पुन्हा चढू लागला, सुया चालू असताना. दुसऱ्या एका तपासणीत कमरेच्या हाडात तो ठिपका दिसला. एकच. लुब्नाबाईंनी या वेळी दुकानाची भाषा वापरली नाही, यावरूनच मी समजलो. त्या म्हणाल्या, बराच काळ कोंडून ठेवला की हा रोग कधीकधी स्वभाव बदलतो. सभ्यपणा सोडतो, आणि मग साखर ओरपू लागतो. तेव्हा आता साखरेचीच तपासणी करायची, त्यानं स्वभाव बदललाय का ते बघायला. नसेल बदलला तर त्या एका जागी किरणं देऊ, गोळी बदलू. बदलला असेल तर... असो, ते वाक्य वर येऊन गेलं आहे.

त्या संध्याकाळी अबू झुहैर माडीवर आले. (ते मला अबू मैत्रेयी म्हणतात. मुलगी असली म्हणून काय झालं, तिच्या नावानं बापाला हाक मारायला हरकत नाही, हा निवाडा त्यांनी तेवीस वर्षांपूर्वी गल्लीच्या वतीनं देऊन टाकला होता.) चहा बिनसाखरेचा घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “अबू मैत्रेयी, माझ्या दारातून आजवर कोणी रिकामा परत गेलेला नाही. इतकी वर्षं हा एकटाच पाहुणा ताटाला हात न लावता बसलाय. आणि आता मी अल्लाकडे काय मागू, तर हा उपाशीच राहू दे!”

पहिला प्रयत्न मागच्या सोमवारी झाला आणि फसला. आदल्या दिवशी भात नाही, भाकरी नाही, गोड तर नाहीच. सकाळी फक्त पाणी. हे सगळं त्यांनी पाळलं, उम्म झुहैर यांनी शपथेवर सांगितलं. इथे आल्यावर नर्सनं बोटातून थेंब काढला तर साखर दोनशे त्रेसष्ट. रक्तातच एवढी साखर असली की टोचलेली साखर कुठे जाते ते कळत नाही, तपासणी रद्द. नर्स म्हणाली, “काका, काय खाल्लंत?” काही नाही. “काय प्यायलात?” पाणी. “कुठे गेला होतात?” दुकानात, फज्रची, म्हणजे पहाटेची नमाज झाल्यावर, जरा नजर टाकायला. “आणि तिथे?” तिथे काय, पाक उतरवले. आठ पातेली. आणि अण्णा, पाक उतरवायचा म्हणजे तो चाखायचा. पळी भरून, आधी बोटांत तार बघायची, मग जिभेवर घ्यायचा, आणि थुंकणं म्हणजे पाकाचा अपमान. आठ पातेली, आठ पळ्या. “पण ते खाणं नव्हे!” अबू झुहैर कळवळून सांगत होते. “ते काम आहे!” त्यांच्या धंद्यात चाखलेलं कोणी मोजत नाही, पन्नास वर्षांत त्यांनाही ते कधी मोजावं लागलं नव्हतं. नर्स त्यांच्याकडे बघत राहिली. उम्म झुहैर भिंतीकडे.

तपासणी आठ दिवस पुढे गेली. मी त्यांना समजावलं, की आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक करणारी बाई देवाला दाखवल्याशिवाय चव बघत नाही; सोमवारी यंत्र हाच देव समजा. हे त्यांना पटलं. (त्यांनी एवढंच विचारलं, “आणि मीठ कमी पडलं तर?” मी म्हटलं, देव बोलत नाही. ते म्हणाले, “गिऱ्हाईक बोलतं.”) पण दुकानात नवाच पेच उभा राहिला. सुब्ही हा तीस वर्षांपासूनचा जुना कारागीर, पण तो पाक ओतेना. घरच्या पुरुषानं चाखल्याशिवाय पाक ट्रेवर पडत नाही, ही रीत मोठ्या हाजींपासूनची, म्हणजे अबू झुहैर यांच्या वडिलांपासूनची, आणि ती मोडायची तर असल्या दिवशी? मुलगा कुवेतमध्ये. तेव्हा गल्लीनं ठरवलं की तेवीस वर्षं एका छपराखाली राहिलेला माणूस घरचाच. आज पहाटे अबू झुहैर यांना कोंडून, किल्ली उम्म झुहैर यांच्या कमरेला लावून, मी दुकानात उभा राहिलो, आणि खतांच्या कंपनीत फॉस्फेटची प्रत ठरवणारा हा तुमचा बंधू आठ पळ्या पाक प्यायला. पहिल्या तीन पातेल्यांना मी गंभीरपणे “अजून जरा” म्हणालो. चौथ्यापासून जीभ बधिर झाली, तेव्हा सगळ्यांनाच “अजून जरा” म्हणालो. आजचा कुनाफा ट्रेमध्ये असा जमला आहे की तो काढायला सुब्हीनं शेजारच्या सुताराकडून पटाशी आणली. ही बातमी इकडे येताना फोनवरून गाडीतच येऊन थडकली.  खिडकीबाहेर बघत अबू झुहैर यांनी फक्त “ला हौल” म्हटलं, म्हणजे माणसाच्या हाती काही नाही.

साखर एकशे अडुसष्ट. चालली. नर्सनं शिशाच्या डब्यातून सुई काढली. “किरणं सोडणारी साखर आहे, काका,” ती म्हणाली. त्यांनी मान पुढे केली. “पाक कितपत? एकतारी की दोनतारी?” नर्स म्हणाली, “हात लावू नका.” टोचल्यावर तासभर हालायचं नाही, बोलायचं नाही, बोललं तरी स्नायू साखर खातात. अबू झुहैर आणि तासभर मौन! दाराच्या काचेतून मला ते दिसत होते, पांढऱ्या चादरीत, पोट वर. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, चादरीबाहेर हात काढला, आंगठा आणि तर्जनी जुळवून हळूच लांब केली. तार आली होती का? मी मान हलवली, नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बारा वाजून दहा मिनिटं. त्यांना यंत्रात घातलं आहे.

अण्णा, आता जरा वेगळं लिहितो. मघाशी तंत्रज्ञाच्या खोलीचं दार उघडलं आणि मला पडदा दिसला. काळ्या पाटीवर माणसाची आकृती, आणि डोकं आतून पेटल्यासारखं पिवळंधमक. कमरेपर्यंत नजर पोहोचायच्या आत दार लागलं. मी परत येऊन बसलो. उम्म झुहैर यांनी विचारलं, काय दिसलं? मी म्हटलं, काही नाही, पडदा बंद होता. त्या म्हणाल्या, “तेवीस वर्षं झाली तुला इथे. अजून नीट खोटं बोलता येत नाही.” मग इतका वेळ न उघडलेला थर्मास त्यांनी उघडला, पेल्यात कॉफी ओतली आणि माझ्या हातात दिली. “पी. बातमी कसलीही असो, ती उपाशी पोटी ऐकायची नाही.”  आठ पळ्या पाक पोटात असूनही मी ती कॉफी प्यायलो. रोग डोक्यात गेला असेल तर या बाईला कोण सांगणार? मला सांगायला लावतील. मला खोटं बोलता येत नाही हे आता सर्वांना माहीत आहे.

जपमाळ थांबली आहे. दार उघडतं आहे. लुब्नाबाई येत आहेत, हातात कागद. चेहऱ्यावरून काही कळत नाही. इथेच थांबतो. वहिनींना नमस्कार.

आपला
श्रीपाद

ता. क. (सोमवार, संध्याकाळी, घरून.) मेंदू साखरच खातो, अण्णा. सगळ्यांचाच, अष्टौप्रहर, या तपासणीत निरोगी माणसाचंही डोकं असंच पेटलेलं दिसतं. माझा पांढरा पडलेला चेहरा बघून लुब्नाबाई आधी घाबरल्या, मग हसल्या. कमरेतला ठिपका विझलेल्या निखाऱ्यासारखा काळा. पाहुण्यानं ताटाला हात लावलेला नाही. पुढच्या आठवड्यात किरणं सुरू, गोळी बदलणार. हा रोग बरा झाला असं नव्हे, सभ्य राहिला एवढंच. पण सभ्य रोगाबरोबर माणूस बरीच वर्षं काढतो, असं बाई म्हणाल्या. अबू झुहैर यांनी दोनदा “नक्की?” विचारलं, मग माझ्याकडे वळून, “आता बोल, पाक कोणत्या पातेल्यापासून बिघडला?” निघताना बाई सहज म्हणाल्या, दोन वर्षं आधी आला असतात काका, तर हा ठिपकाही नसता. त्यावर ते जे बोलले ते तुमच्यासाठी शब्दशः उतरवतो: “माहीत आहे बेटी. लाज वाटत होती. कशाची, ते आता आठवत नाही.”

ता. क. २. ज्याबद्दल अवाक्षर काढणार नव्हतो त्याबद्दल: पुढच्या गुरुवारी सकाळी सात वाजता तुमच्याकडे रक्त न्यायला माणूस येईल. मिरजेत राहता, जिथे दगड भिरकावला तर डॉक्टरला लागतो. तरी तो घरीच येईल, म्हणजे वाटेत कोणी ओळखीचं भेटणार नाही. उपास लागत नाही. आधीचे दोन दिवस सायकल मात्र वर्ज्य, तिनं आकडा फुगतो. सायकलच्या दोन्ही चाकांची हवा मंगळवारी सकाळी गेलेली आढळेल आणि पंप सापडणार नाही. वहिनींना त्याबद्दल विचारू नये.

ता. क. ३ (बुधवार). कोपराचं राहिलंच. अबू झुहैर यांचा आकडा चढला तेव्हा ते म्हणाले, तपासणीचं रक्त मी एकटा देणार नाही, तूही बस. मी त्यांना सोबत म्हणून बसलो. माझाही चढलेला निघाला. सोमवारी पुन्हा घेतला, आज आला. तोच, किंचित वरच. आता तुकडा काढून बघायचा आहे, तुमच्या गुरुवारनंतरच्या सोमवारी. हेमाला सांगितलं आहे, मैत्रेयीला नाही. लुब्नाबाई म्हणतात, बहुधा लवकर आलात. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून सांगतो की मी काठावर उभा आहे आणि पाय उचलत नाहीत. तुम्ही मोठे. गुरुवारी आधी तुम्ही उडी मारा, आणि खालून ओरडून सांगा की पाणी गरम आहे. नेहमीसारखं खोटं असलं तरी चालेल.